ब्रायटनसारखा इंग्लिश फुटबॉल क्लब बड्यांच्या पंगतीत कसा बसेल?
खेळाडू विकून. ऐकायला उलटं वाटेल, पण ब्रायटन इथवर तसंच आलंय. मधल्या फळीतल्या मोइसेस कायसेदोला २०२१ मध्ये इक्वेडोरहून ४०-५० लाख पौंडांत आणलं आणि २०२३ मध्ये चेल्सीला १० कोटींच्या वर विकलं! मालक टोनी ब्लूम मूळचा बेटिंगवाला, आकड्यांतला माणूस. खेळाडू हेरणंही आकड्यांवरच चालतं.

हाच क्लब १९९७ मध्ये हेरफर्डशी १-१ बरोबरी करून, गुण सारखे असताना निव्वळ हंगामभरात जास्त गोल केल्यामुळे चौथ्या श्रेणीच्या लीगमध्ये टिकला होता. मैदान तर आधीच विकलं गेलेलं. पुढे कित्येक वर्षं विदडीनच्या अ‍ॅथलेटिक्स मैदानात धावपट्टीपलीकडे, पावसात भिजत लोक मॅच बघायचे. २०११ मध्ये स्वतःचं स्टेडियम, २०१७ मध्ये प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडची अव्वल लीग, २०२३ मध्ये तिथं सहावा नंबर.

खरी अडचण इथून पुढे आहे. युरोपभरच्या क्लबांच्या युरोपा लीगमध्ये आयाक्सला दोन्ही वेळा हरवलं, मग रोमाकडून ०-४ मार खाल्ला. दर उन्हाळ्यात मधली फळी नव्याने बसवायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? माझ्या मते निदान दोन-तीन हुकमी खेळाडू, जास्त पगार मोजून का होईना, चार हंगाम धरून ठेवावेत. बाकीचे विका खुशाल.