वाचकांचे प्रश्न : त्रिकोण तिप्पट झाला, पण जागा चुकली

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत आठवीत आहे. अ (२, १), ब (६, १), क (२, ४) हा त्रिकोण, केंद्र प (१, −१), स्केल फॅक्टर (गुणक) ३. डायलेशन करा, म्हणजे केंद्रापासून आकृती त्या पटीने मोठी किंवा लहान करा, असा प्रश्न होता. तिने सगळे निर्देशक ३ने गुणले. बाजू मोजल्या तर बरोबर तिप्पट भरतात, तरी उत्तर चूक ठरले. असे का?

उत्तर : डायलेशनमध्ये गुणायचे असते ते केंद्रापासूनचे अंतर. निर्देशक म्हणजे आरंभबिंदूपासूनची अंतरे. त्यामुळे केंद्र (०, ०) असेल तेव्हाच निर्देशकांना थेट गुणून चालते. तुमच्या मुलीने डायलेशन बिनचूक केले, पण ते आरंभबिंदूभोवती झाले.

प भोवती करताना प्रत्येक शिरोबिंदूसाठी तीन पायऱ्या घ्याव्यात : केंद्र वजा करा, गुणा, केंद्र परत मिळवा. अ साठी २ − १ = १ आणि १ − (−१) = २. तिपटीने ३ आणि ६. केंद्र मिळवल्यावर अ′ (४, ५). याच रीतीने ब′ (१६, ५) आणि क′ (४, १४). इथे दोन ठिकाणी हमखास घसरायला होते. एक, १ − (−१) याचे उत्तर शून्य लिहिले जाते. दुसरे, शेवटची पायरी राहून जाते आणि अ′ (३, ६) असे उत्तर येते.

मुलीचे बिंदू आले (६, ३), (१८, ३), (६, १२). बरोबर बिंदूंशी ताडून पाहा : तिन्ही बिंदू उजवीकडे २ आणि खाली २ सरकले आहेत. हा योगायोग नाही. गुणकातून १ वजा करून केंद्राच्या निर्देशकांना गुणले की (२, −२) मिळते, तेच हे सरकणे. म्हणूनच बाजू मोजून ही चूक कधीच सापडत नाही. मूळ बाजू ४, ३, ५. दोन्ही उत्तरांत त्या १२, ९, १५ होतात. केंद्र कुठेही घ्या, प्रतिमेचा आकार तोच राहतो, बदलते ती फक्त जागा.

खरा ताळा पट्टीने करावा. अ आणि अ′ जोडणारी रेषा मागे वाढवा, ब आणि ब′ जोडणारीही वाढवा. दोन्ही जिथे छेदतात ते केंद्र. मुलीच्या आकृतीत त्या (०, ०) मध्ये मिळतील आणि चूक तिला स्वतःलाच दिसेल. आलेखावर दोन्ही अक्षांचे प्रमाण मात्र सारखे हवे. वेगळे असले तरी रेषा केंद्रातूनच जातात, पण कर्ण पट्टीने मोजून १५ एकक भरणार नाही. आणि क्षेत्रफळ ६ चे १८ नव्हे, ५४ होते. पाया आणि उंची दोन्ही तिप्पट झाल्या आहेत.

प्रश्न : गुणक ऋण असू शकतो का? उणे अर्ध्या पटीचा त्रिकोण म्हणजे काय?

उत्तर : असू शकतो. ऋण चिन्हामुळे प्रतिमा केंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाते. −१/२ घेतला तर अंतर निम्मे आणि दिशा उलट. त्रिकोण १८० अंशांत फिरलेला दिसतो. आरशातल्यासारखा उलटत नाही, अ-ब-क हा फिरण्याचा क्रम कायम राहतो.

याचे सुंदर उदाहरण तुमच्या ओळखीचेच आहे. त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडा. तयार होणारा छोटा त्रिकोण म्हणजे मध्यगासंपात बिंदूभोवती (शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्याशी जोडणाऱ्या तिन्ही मध्यगा जिथे मिळतात तो बिंदू) −१/२ गुणकाचे डायलेशन! संपातबिंदू मध्यगेला २ : १ मध्ये विभागतो, हे नववीतले प्रमेयच त्याचे कारण आहे. वरच्याच त्रिकोणात तो बिंदू (१०/३, २) येतो. अ पासून निघून त्याच्या पलीकडे निम्म्या अंतरावर गेलात की (४, २.५) वर पोचता, आणि तोच बक चा मध्यबिंदू.

प्रश्न : दहावीच्या पुस्तकात डायलेशन हा शब्द नाही. मग आमच्या मुलांना हे कुठे भेटते?

उत्तर : भौमितिक रचनांमध्ये. त्रिकोण अबक शी समरूप त्रिकोण अ′बक′ काढायचा असतो तेव्हा ब हा सामाईक शिरोबिंदू म्हणजे केंद्रच, म्हणून तो जागचा हलत नाही. अ′ब : अब = ५ : ३ हवे असेल तर ब मधून बक शी लघुकोन करणारा किरण काढून त्यावर ५ समान भाग करा. तिसरा बिंदू क ला जोडा. पाचव्यातून त्याला समांतर रेषा काढली की ती वाढवलेल्या बक ला क′ मध्ये छेदते. मग क′ मधून कअ ला समांतर काढून अ′ मिळवा. ३ : ५ असेल तर पाचवा बिंदू क ला जोडून समांतर रेषा तिसऱ्यातून काढायची. भाग नेहमी मोठ्या संख्येइतके करायचे आणि क ला नेहमी मूळ त्रिकोणाच्या बाजूची संख्या जोडायची. हे उलटे झाले तर मोठा हवा तिथे छोटा त्रिकोण येतो, रचना कितीही स्वच्छ असली तरी.