पिंच हिटर कुणाला चिमटा काढतो?

प्रश्न असा आहे : क्रिकेटच्या मराठी समालोचनात ‘पिंच हिटर’ हा शब्द सतत ऐकू येतो. पिंच म्हणजे चिमटा, मग हा चिमटे काढणारा फलंदाज की काय?

नाही हो. आणि दांडपट्टा फिरवणारा प्रत्येक जण पिंच हिटरही नव्हे. १९९६च्या विश्वचषकात ज्यांना पिंच हिटर म्हणायचे ते श्रीलंकेचे जयसूर्या-कालुवितरणा सलामीलाच यायचे, ते काय कुणाच्या बदली आले होते? तेव्हापासून ऐकून ऐकून माझे कान किटलेत. शब्द बेसबॉलचा. तिथे पिंच हिटर म्हणजे बदली बॅटर, आणि ज्याच्या जागी तो येतो तो त्या सामन्यात परत खेळत नाही. चिमट्यात सापडल्यावर होते ती कोंडी, हा ‘पिंच’चा अर्थ इंग्रजीत जुनाच आहे. आपण ‘अडीनडीला’ म्हणतो ना, तेच. म्हणजे हा अडीनडीचा बॅटर. याच्या जवळ जाणारा प्रकार आयपीएलमध्ये २०२३ साली ‘इम्पॅक्ट प्लेयर’, म्हणजे सामन्यात मधेच उतरवता येणारा बदली खेळाडू, म्हणून आला. त्याला मात्र कुणी पिंच हिटर म्हणत नाही!

पण खरी गंमत बेसबॉलच्या दुसऱ्याच शब्दात आहे : ‘वॉक-ऑफ’. विचारला नाहीत, तरी सांगतो.

१५ ऑक्टोबर १९८८, लॉस एंजेलिस, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना. नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन बाद (तिसरा बाद झाला की खेळ संपला), यजमान डॉजर्स ३-४ असे मागे, त्यांचा एक गडी बेसवर. दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन पिंच हिटर म्हणून लंगडत आला. समोर ओकलंडचा डेनिस एकर्स्ली, त्या मोसमात ४५ सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन संघाची आघाडी राखलेले सामने, नावावर असलेला पिचर (चेंडू फेकणारा). तीन बॉल, दोन स्ट्राइक (आणखी एक स्ट्राइक म्हणजे बाद) झाल्यावर आलेला स्लायडर, म्हणजे वळणारा चेंडू, गिब्सनने जवळजवळ नुसत्या हातांच्या जोरावर उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला. बेसवरच्या गड्यासकट दोन धावा, ५-४, खेळ खलास.

सामना तिथेच संपवणाऱ्या अशा फटक्याला आता ‘वॉक-ऑफ’ होम रन म्हणतात, आणि हा शब्द एकर्स्लीच्याच नावावर जमा आहे! १९६० साली पिट्सबर्गच्या बिल मॅझरॉस्कीने सातव्या, निर्णायक सामन्यात अशाच फटक्याने अख्खी वर्ल्ड सिरीज संपवली, तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता.

‘जिंकणारे ऐटीत चालत जातात म्हणून वॉक-ऑफ’ असं सांगणारे जाणकार मला भेटलेत. साहेब, जिंकणारे कुठे चालतात? ते उड्या मारत एकमेकांच्या अंगावर पडतात. मान खाली घालून चालू लागतो तो पिचर. एकर्स्लीला तेच म्हणायचं होतं. मराठीत तर आयता शब्द आहे : ‘चालता-हो फटका’. कुणी म्हणेल, ग्राम्य आहे. असू दे. त्या रात्री गिब्सन मूठ हवेत मागेपुढे हाणत, लंगडत चारही बेस फिरला. चालता झाला तो एकर्स्ली.