आठव्या दिवशी ७,१८८ रुपये

प्रश्न: आम्ही ठाण्यात कोलशेतला राहतो. मुलगा दहावीत आहे, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. मंगळवारी, ११ नोव्हेंबरला, त्याच्यासाठी गणित-विज्ञानाच्या एका अॅपची सात दिवसांची फ्री ट्रायल सुरू केली. यूपीआय पिन टाकल्यावर १ रुपया गेला आणि परत आला. १८ तारखेला वर्षाचे ७,१८८ रुपये कापले जातील असं दिसतंय. दर महिन्याला घेतलं तर ९९९. म्हणजे वर्षाचं घेतलं तर ४० टक्के वाचतात. पण मॅन्डेटमध्ये, म्हणजे पैसे आपोआप कापायच्या परवानगीत, ‘कमाल १५,००० रुपये’ असं लिहिलेलं बघितल्यापासून झोप उडाली आहे. मिस्टर म्हणतात, घरात चार मोबाइल आहेत, चौघांच्या नावाने पाळीपाळीने ट्रायल घेऊ. त्यांनीच घेतलेलं एक योगाचं अॅप जानेवारीपासून दर २० तारखेला ३९९ कापतंय, हेही परवा पासबुक बघताना कळलं. काय करावं?

उत्तर: पत्रं माझ्याकडे दोन-तीन आठवडे रांगेत असतात. तुमचं आज, गुरुवारीच घेतोय, कारण मंगळवारनंतर उत्तर देऊन उपयोग नाही.

आधी झोपेचं बघू. १५,००० जाणार नाहीत. ती कापायची रक्कम नाही, कमाल मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा नेहमीच्या वर्गणीसाठी एकदा पिन टाकून परवानगी दिली, की १५,००० पर्यंतची रक्कम पुन्हा पिन न विचारता कापता येते. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढली. बरेच अॅपवाले थेट वरची मर्यादाच नोंदवून टाकतात, म्हणजे उद्या दर वाढवले तर तुम्हाला नव्याने विचारायला नको. सोय त्यांची आहे, तुमची नाही. पण १८ तारखेला जातील ते ७,१८८च, आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी नाव, रक्कम आणि तारीख सांगणारा मेसेज यायला हवा.

या मेसेजच्या भरवशावर मात्र राहू नका. माझंच सांगतो. भाचीच्या साखरपुड्याची पत्रिका करायला मी फोटोचं एक अॅप तीन दिवसांसाठी फुकट घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही राम मारुती रोडवर, दिवाळी पहाटच्या गर्दीत. बँकेचा मेसेज आला होता, बरोबर २४ तास आधी, नियमाला धरून. त्याच्या वर फराळाची ऑफर, खाली सोन्याच्या नाण्याची, मधे हा. वर्षाचे पैसे गेले. पत्रिका तर दुसऱ्याच दिवशी तयार झाली होती, त्यानंतर ते अॅप मी उघडलेलं नाही. लोकांना पैशाचे सल्ले देणारा माणूस मी, त्यामुळे घरी हा विषय अजून निघतो.

आता तुमचा खरा प्रश्न. ४० टक्के वाचतात हे खरं, पण बारा महिने वापरलं तर. ७,१८८ ला ९९९ ने भागा, सात महिने आणि थोडे वर येतात. म्हणजे आठव्या महिन्यातही अॅप लागणार असेल तरच वर्षाचं स्वस्त. तुमच्याकडे आठ महिने आहेत कुठे? दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, गणित-विज्ञानाचे पेपर साधारण मार्चच्या मध्यापर्यंत उरकतात. १८ नोव्हेंबर, १८ डिसेंबर, १८ जानेवारी, १८ फेब्रुवारी. चार हप्ते, ३,९९६ रुपये, शेवटचा १७ मार्चपर्यंत पुरतो. वर्षाचं घेतलंत तर त्याहून ३,१९२ रुपये जास्त देऊन पोरगा सुट्टीत क्रिकेट खेळत असताना त्याचं बीजगणित चालू राहील. आणि रद्द करायला विसरलात, तर पुढच्या १८ नोव्हेंबरला, तो अकरावीत असताना, पुन्हा ७,१८८. मुलगा नववीत असता आणि तुम्ही जूनमध्ये विचारलं असतं, तर मी कदाचित उलट सांगितलं असतं.

महिन्याचे ९९९ जीएसटी धरून आहेत का, हे पैसे भरायच्या पानावर शेवटपर्यंत जाऊन बघा. वर १८ टक्के लागले तर तेच १,१७९ होतात. चार महिन्यांचे तरी ४,७१५. वर्षाचं तरीही महागच.

मिस्टरांच्या योजनेला दाद द्यायला हवी, पण हिशोब मांडूया. एक ट्रायल तुमची चालूच आहे. चारही मोबाइल धरले तर चार साते अठ्ठावीस दिवस. वाचतो एका महिन्याचा हप्ता. त्यासाठी चार खात्यांवर चार मॅन्डेटं, चार वेगळ्या तारखा लक्षात ठेवायच्या, दर आठवड्याला मुलाने सोडवलेल्या चाचण्यांची नोंद शून्यावर. त्यात एक जरी तारीख हुकली, तर ७,१८८ गेलेच. शिवाय बहुतेक अॅपच्या अटींत एका घराने किंवा एका माणसाने पुन्हा पुन्हा ट्रायल घ्यायला मनाई असते. आणि योगाच्या अॅपची एक तारीख ज्यांच्या दहा महिने लक्षात आली नाही, त्यांच्यावर चार तारखा सोपवू नका. (हे त्यांना वाचून दाखवलंत तर माझं नाव सांगू नका.)

पैशांपेक्षा मला वेगळी शंका आहे. यातली बरीच अॅप्स सीबीएसईचा अभ्यासक्रम डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात आणि राज्य मंडळाचं पान नंतर चिकटवलेलं असतं. तुमच्या मुलाला गणित भाग १ आणि भाग २, विज्ञान भाग १ आणि भाग २ असे वेगळे पेपर आहेत. आज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा. भूमितीतला ‘समरूपता’ हा धडा काढा, पुस्तकातल्या सरावसंचातला जो प्रश्न त्याला अडलाय तोच अॅपमध्ये शोधायला सांगा. प्रमेयाची सिद्धता मंडळाला हवी तशी पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमाने दिली आहे का बघा. नसेल, तर ९९९ सुद्धा देऊ नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अॅपवरचे व्हिडिओ उघडतात. तिथे कुणी मॅन्डेट मागत नाही. त्याने तिथे आजवर किती वेळा डोकावलंय, हेही सहज विचारा. फुकटचं न बघणारा विकतचं बघेल असं नाही. अर्थात उलटही होतं, पैसे मोजलेत म्हणून बसणारी मुलं मी पाहिली आहेत. ते तुम्हालाच ठाऊक.

अॅप आवडो वा न आवडो, वर्षाची ही वर्गणी आजच रद्द करा. हवं असेल तर १८ तारखेला महिन्याचं नव्याने घेता येईल. बहुतेक ठिकाणी रद्द केल्यावरही ट्रायल ठरल्या दिवसापर्यंत चालते. ‘लगेच बंद होईल’ असं पडद्यावर आलं, तर रविवारी संध्याकाळी करा, सोमवारी रात्री नको. पायऱ्या दोन आहेत आणि लोक त्यात गोंधळतात. आधी अॅपमध्ये, किंवा प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन वर्गणी रद्द करायची आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवायचा. मग ज्या यूपीआय अॅपमधून पिन टाकला होता, तिथे ‘ऑटोपे’मध्ये जाऊन ते मॅन्डेट रद्द करायचं, त्याला पुन्हा पिन लागतो. मोबाइलमधून अॅप काढून टाकणं म्हणजे यातलं काहीच नव्हे. वर्गणी चालूच राहते, फक्त आपल्याला दिसत नाही.

रद्दचं बटणच सापडलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अॅप आणि वेबसाइटवरच्या फसव्या मांडणीचे (‘डार्क पॅटर्न’) १३ प्रकार मनाईच्या नियमात घातले, त्यात वर्गणीचा सापळा आहेच. वर्गणी रद्द करणं किचकट ठेवणं हा त्या सापळ्याचा एक भाग. आणि फुकटच्या वर्गणीसाठी पैसे कापण्याची परवानगी सक्तीने घेणं हेसुद्धा त्याच यादीत आहे! तरी तुम्हाला पिन टाकावाच लागला, म्हणजे कागद आणि मोबाइल यांत अजून अंतर आहे. ‘ही ऑफर १० मिनिटांत संपते’ म्हणत उलटं धावणारं घड्याळ दिसलं असेल, तर खोटी घाई दाखवण्याचा प्रकारही त्या तेरांतच बसतो.

पुढे असल्या गोष्टींसाठी पगाराचं खातं वापरू नका. किमान शिलकीची अट नसलेलं एक बचत खातं यूपीआयला जोडा, त्यात दोन-तीन हजारांवर ठेवू नका. मॅन्डेट कितीचंही असो, खात्यात नसलेले पैसे जात नाहीत.

राहिलं योगाचं. जानेवारी ते ऑक्टोबर, दहा वेळा ३९९, म्हणजे ३,९९०. मुलाच्या अॅपचे चार महिने ३,९९६. सहा रुपयांचा फरक. पुढचे ३९९ येत्या गुरुवारी, २० तारखेला जायचे आहेत. मिस्टर आज घरी आले की चहाच्या आधी त्यांचा मोबाइल मागून घ्या, पिन त्यांनाच टाकू दे.