रद्द म्हटलं म्हणजे रद्द झालं असं नाही

कोल्हापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

प्रोग्रॅम वाचला. साच्यातला धातूचा रस गोठण्याची आकडेमोड प्रोसेसमध्ये वाटून देणं तुला छान जमलंय, शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना दाखवण्यासारखं. मधूनच एखादा निकाल गहाळ होतो म्हणतेस, त्याचं मूळ शेवटच्या दहा ओळींत आहे.

एमपीआय म्हणजे प्रोसेसनी एकमेकींना निरोप धाडण्याचं मानक. काम संपलं की त्यातले उरलेले आयरिसीव्ह (निरोप घेण्यासाठी आगाऊ मांडलेले कॉल) तू एमपीआय_कॅन्सलने रद्द करतेस, लगेच बफर (निरोप उतरवायची जागा) मोकळे करतेस आणि वेट त्यानंतर लावतेस. अगं, कॅन्सल ही नुसती मागणी! तो कॉल लगेच परततो, निर्णय तोवर झालेला असेलच असं नाही. रिक्वेस्ट, म्हणजे मांडलेला तो व्यवहार, पुरी करायला एमपीआय_वेटसारखा कॉल लागतोच. वेट लटकेल ही भीती नको. कॅन्सलनंतर समोरची प्रोसेस काहीही करत असली तरी वेट परततो, मानकातच तशी हमी आहे. बफरला हात लावायचा तो त्यानंतर.

वेटने दिलेला स्टेटस (व्यवहाराचं काय झालं त्याची नोंद) एमपीआय_टेस्ट_कॅन्सल्डला दाखव, तो फ्लॅगमध्ये हो किंवा नाही सांगतो. फ्लॅग खरा आला तर निरोप आलेला नाही. मग स्टेटसमधला टॅग (निरोपावरचा खुणेचा आकडा), स्रोत, काउंट काहीच वाचू नकोस, तिथे काहीही असू शकतं. फ्लॅग शून्य आला तर निरोप आधीच पोचलाय, बफरमध्ये अख्खा आहे, आणि त्यावर नेहमीसारखं काम करायचं. अधलंमधलं काही नसतं. तुझे निकाल याच दुसऱ्या फाट्यावर हरवतात, कारण तो तू लिहिलेलाच नाहीस. आणि वेटला तू एमपीआय_स्टेटस_इग्नोर, म्हणजे ‘स्टेटस नको’, दिलंयस. मग विचारणार कुणाला?

आयसेंड (निरोप धाडायचा कॉल) रद्द करायच्या फंदात पडू नकोस. सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) पुण्याच्या एसटीत टाकलेलं पार्सल गाडी सुटल्यावर परत हवं असेल, तर पुण्याच्या माणसाला मध्ये घ्यावं लागतं; इथेही तसंच. २०२१ च्या एमपीआय ४.० ने ही सोय कालबाह्य ठरवली आहे. आयबीकास्टसारख्या (एकीचा निरोप सगळ्यांना) सामूहिक रिक्वेस्टवर तर कॅन्सल चालतच नाही.

माझं मत विचारशील तर इथे कॅन्सलची गरजच नाही. प्रत्येक कामगार प्रोसेससाठी एकच आयरिसीव्ह ठेव, स्रोत ठरलेला, टॅग कोणताही. शेवटी तिने ‘संपलं’ अशा वेगळ्या टॅगचा निरोप धाडायचा. एकाच प्रेषकाचे निरोप एका कम्युनिकेटरवर (प्रोसेसच्या एका गटात) असे जुळताना एकमेकांना ओलांडत नाहीत, त्यामुळे तो निकालांच्या मागूनच येईल. तो आला की त्या रँकसाठी (प्रोसेसच्या क्रमांकासाठी) पुढचा आयरिसीव्ह मांडायचाच नाही.