प्रकाशच बाहेर येत नाही, मग एक्स-रे कुठून येतात?

प्रश्न: कृष्णविवरातून प्रकाशसुद्धा सुटत नाही असं वाचलंय, मग काही दीर्घिकांच्या मधलं महाकाय कृष्णविवर एक्स-रेमध्ये एवढं चमकतं कसं? आणि आपल्या आकाशगंगेतलं का नाही चमकत?

उत्तर: तो प्रकाश कृष्णविवराचा नसतोच, आत पडायच्या आधी बाहेर घिरट्या घालणाऱ्या वायूचा असतो. वायू सरळ आत जात नाही, आधीच फिरत असतो म्हणून त्याची चकती होते, घर्षणाने तापते आणि तो हळूहळू आत सरकतो. यात किती ऊर्जा निघते बघा, हायड्रोजनच्या फ्युजनमध्ये, म्हणजे सूर्य ज्यावर चालतो त्या अणुकेंद्रांच्या जोडणीत, वस्तुमानाच्या जेमतेम ०.७ टक्के, इथे मात्र कृष्णविवर स्वतःभोवती फिरत नसलं तरी ६ टक्क्यांच्या आसपास आणि प्रचंड वेगाने फिरत असेल तर थिअरीप्रमाणे ४० च्याही वर!

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. कृष्णविवर जितकं मोठं तितकी त्याची चकती थंड, त्यामुळे सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमान असलं की चकती लाखभर अंशाचीच राहते आणि त्यातून मुख्यतः अतिनील किरण निघतात, एक्स-रे नाहीत. ते येतात कोरोनातून, म्हणजे अगदी जवळच असलेल्या, अब्जभर अंश तापलेल्या इलेक्ट्रॉनांच्या विरळ ढगातून. चकतीचे अतिनील फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, या इलेक्ट्रॉनांवर आदळतात, त्यांची ऊर्जा घेतात आणि एक्स-रे होऊन बाहेर पडतात. कोरोना एवढा तापतो कशाने यावर अजून वाद आहे, चुंबकीय क्षेत्रामुळे असं बहुतेकांना वाटतं.

हे सगळं फार लहान जागेत चालतं, कारण एक्स-रेची चमक कधी कधी काही तासांतच बदलते आणि प्रकाशाला जी जागा ओलांडायला दिवस लागतील ती एवढ्या पटकन एकदम बदलू शकत नाही. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत जायला प्रकाशाला चारेक तास लागतात, त्यावरून अंदाज करा.

काही एक्स-रे उलटे चकतीवर पडतात आणि तिथलं लोखंड ६.४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट या ठराविक ऊर्जेला चमकतं, वर्णपटात तिथे एक रेषा दिसते. १९९५ मध्ये आस्का या जपानी उपग्रहाला एमसीजी-६-३०-१५ या दीर्घिकेत ही रेषा कमी ऊर्जेकडे ताणलेली, पसरट दिसली, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने प्रकाशाची ऊर्जा कशी ओढून घेतली ते थेट मोजता आलं, मला तरी हे अजून थरारक वाटतं.

आता आकाशगंगेचं. आपलं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४० लाख पट आहे पण त्याला वायूच फार कमी मिळतो, आणि मिळतो तोही इतका विरळ की बरीचशी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडतच नाही. मधूनच एक्स-रेचा एखादा भडका मात्र उडतो, चंद्रा या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीने असे बरेच टिपलेत.