मंदीचं नंतर बघू, आधी महिने मोज

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिली दोन पानं डॉलर, अमेरिकेतली मंदी, एआय आणि तुमच्या हिंजवडीतली नोकरकपात यांनी भरलेली. शेवटच्या पानावर मात्र, जाता जाता लिहिल्यासारखं, क्रेडिट कार्डाचे ४२,००० थकलेत हे एक वाक्य. मी शेवटच्या पानापासून सुरुवात करतो.

रुपया कुठवर घसरणार हे टीव्हीवर छातीठोकपणे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. उद्या पगार थांबला तर तू किती महिने काढशील, हे मात्र आज संध्याकाळी बसून काढता येतं. बँकेचं गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट छापून घे. मोबाइलवर नको, कागदावरच हवं. मग नोकरी गेली तरी जो खर्च द्यावाच लागेल, त्यावर लाल पेनाने खूण कर. तू कळवलेल्या आकड्यांत असे निघतात: भाडं १३,०००, घरी पाठवतेस ते ८,०००, मेस आणि किराणा ७,५००, स्कूटरचा हप्ता ४,२००, पेट्रोल-वीज-मोबाइल ४,३००. एकूण ३७,०००. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च सहा महिन्यांच्या कागदात दिसत नाहीत. स्कूटरचा विमा, सर्व्हिसिंग, दिवाळीचं गावी जाणं, चष्मा, हे सगळं वर्षाला १८,००० धर, म्हणजे महिन्याला १,५०० आणखी. तुझा खरा आकडा झाला ३८,५००. बचत खातं आणि मुदत ठेव मिळून तुझ्याकडे ९५,००० आहेत. अडीच महिने.

पीएफ यात धरू नकोस. नोकरी गेल्यावर तो काढता येतो, पण दावा मंजूर होऊन हाती यायला वेळ लागतो. सलग पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत काढलास तर त्यावर करही बसतो.

आता ते कार्ड. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर ४२,००० वर १,४७० होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ १,७३५. तू ‘किमान देय’ म्हणून ५ टक्के, २,१०० भरतेस. मुद्दल कमी झालं ३६५ रुपयांनी. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, हे स्टेटमेंटच्या मागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. इकडे हे चालू असताना तुझी ठेव सहा-सात टक्क्यांनी वाढते आहे. ठेव मोड. अर्धा-एक टक्का दंड लागेल, लागू दे. कार्ड एकदाच पूर्ण भर आणि ऑटो-डेबिट ‘किमान’वरून ‘संपूर्ण रकमे’वर बदल. हा शेवटचा बदल करायचा राहिला की वर्षभरात माणूस पुन्हा तिथेच येतो.

तुझ्याकडे मग ५३,००० उरतील, म्हणजे सव्वा महिन्याच्या थोडं वर. आकडा खाली आला म्हणून दचकू नकोस, आधीचा आकडा फुगलेला होता.

आपलं लक्ष्य सहा महिन्यांचा खर्च हाताशी असण्याचं, त्याचे होतात २,३१,०००. अजून १,७८,००० हवेत. पगारातून सगळे खर्च आणि कार्डाचा हप्ता भागून तुझ्याकडे १२,००० उरतात, त्यात कार्डाचे सुटलेले २,१०० मिळव. त्यातले ५,००० म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत, म्हणजे दरमहाच्या हप्त्यात, जात राहिले तर हे भरायला वीस महिने लागतील, एसआयपी थांबवलीस तर तेरा. इथे पुष्कळ सल्लागार माझ्याशी भांडतील, पण नोकरीची खात्री नसलेल्या माणसाने आधी तेरा महिन्यांचा रस्ता धरावा. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात ८,००० च्या खाली गेला होता. बाजार पडतो आणि नोकऱ्या जातात ते बऱ्याचदा एकाच सुमारास. भाड्यासाठी तेव्हा युनिट विकावे लागले तर एसआयपीचा सगळा हिशेबच उलटा होतो. थांबवताना मात्र ॲपमधून रीतसर ‘पॉज’ कर, आणि तेही हप्त्याच्या तारखेच्या बरेच दिवस आधी. खात्यात पैसे न ठेवून हप्ता चुकवलास तर बँक दंड लावते.

हा पैसा ठेवायचा कुठे? एका महिन्याचा बचत खात्यात, बाकीचा वेगवेगळ्या लहान ठेवींत. दोन लाखांची एकच ठेव केलीस तर वीस हजारांसाठी ती सबंध मोडावी लागू शकते. लिक्विड फंड, म्हणजे अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड, तोही चालेल, फक्त लगेच हातात मिळणारी रक्कम दिवसाला ५०,००० किंवा शिलकीच्या ९० टक्के, यातली जी कमी तेवढीच, हे लक्षात ठेव.

बाबा गावच्या पतसंस्थेत साडेदहा टक्क्यांनी ठेव म्हणतात. बाबांशी वाद घालू नकोस, एक गोष्ट दाखव. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाख होतं. नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पतसंस्थेला नाही. पाटीवर ‘सहकारी’ दोन्हीकडे लिहिलेलं असतं, म्हणून फसगत होते. आणि हे ५ लाख मुद्दल अधिक व्याज असे, एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून एका माणसाला. म्हणून ४,९०,००० ची ठेव पूर्ण सुरक्षित नसते, वर्षभराच्या व्याजाने ती रेघ ओलांडते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. पुण्यातल्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी लागते. तरी ९० दिवस म्हणजे तुझी तीन भाडी.

फ्लॅटबद्दल. भावाबरोबर ५० लाखांचा बुक करायचा, बिल्डर म्हणतो दर वाढणार. बिल्डर हे दर वर्षी म्हणतो. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४० लाख. वरचे १० लाख तुमचे. बांधकाम चालू असलेल्या ५० लाखांच्या घरावर ५ टक्के जीएसटी, २.५ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, ३.५ लाख. महिलांना १ टक्का सवलत आहे, पण खरेदीखत फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर असेल तरच. भावाचं नाव आलं की ती गेली. नोंदणीचे ३०,०००. बँकेच्या कर्जाखेरीज १६ लाख ३० हजार खिशातून, आणि त्यात अजून एक पंखाही लागलेला नाही.

हप्त्याचीही गंमत बघ. समजा ७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ४० लाख घेतले, हप्ता ३१,०१२. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. तुझा व्याजदर त्याबरोबर ९.५ झाला, तर ४० लाखांवर एका महिन्याचं नुसतं व्याज ३१,६६७. हप्ता व्याजालाही पुरत नाही! बऱ्याचदा ग्राहकाला न विचारता हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जायची, आणि लोक काही वर्षांनी बघायचे तर वीस वर्षांच्या कर्जाची मुदत कितीतरी लांबलेली. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानंतर बँकेला विचारावं लागतं: हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची. विचारतील तेव्हा झेपेल तितका हप्ता वाढव. २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने खाली आला, म्हणून आत्ता हप्ता हलका दिसतोय. कर्ज वीस वर्षांचं आहे, आजच्या दराचं नाही. आजच्या दरात दोन टक्के मिळवून हप्ता काढ, त्यातून सध्याचं भाडं वजा कर, आणि उरलेली तुझ्या वाट्याची रक्कम सहा महिने वेगळी काढून दाखव. जमलं तर पुन्हा लिही. माझ्या मते आत्ता जमणार नाही.

आरोग्य विम्याचं या महिन्यातच कर. कंपनीचा विमा सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो आणि तुझे आई-बाबा त्यावरच आहेत. नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बाबांच्या मधुमेहाचा तो काळ तुझी नोकरी असतानाच सरलेला बरा. मधुमेह फॉर्मवर स्पष्ट लिही. एजंट ‘राहू दे’ म्हणाला तर एजंट बदल, कारण दावा बऱ्याचदा याच रकान्यावरून नाकारला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा तो हलका झालाय.

बातम्या वाचायच्याच असतील तर तुझ्या क्लायंटच्या वाच. त्यांचं कंत्राट कधी संपतंय, टीममधले किती जण बेंचवर, म्हणजे कामाविना, गेले, व्हेरिएबल पे (पगाराचा कामगिरीवर ठरणारा भाग) पुढे ढकलला का, गेलेल्या माणसाची जागा भरली का. देशाच्या विकासदरापेक्षा तुझ्या पगाराचं भविष्य यातून आधी कळतं.

ठेव मोडलीस की कार्डाची बाकी शून्य दाखवणारं स्टेटमेंट पाठव. दुसऱ्या महिन्याचं पाठव, कारण पहिल्यात बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं शेपूट-व्याज येतं आणि लोक बाकी संपली समजून ते भरायचं विसरतात.

ता. क. खात्यांना आणि पीएफला नॉमिनी म्हणून कोण लावलंय ते तू लिहिलं नाहीस. बहुधा कोणीच नाही. पीएफचं ई-नॉमिनेशन आधारच्या ओटीपीवर घरबसल्या होतं, त्याआधी प्रोफाइलमध्ये तुझा फोटो चढवावा लागतो.