पहिली पद्मिनी घेतोयस? आधी एवढं कर

अभिनंदन! मुंबईत कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी ही जुनी गाडी दुरुस्ती शिकायला फार चांगली आहे. सगळं उघडं, सुटसुटीत, हाताला येणारं.

नवखे पहिली चूक करतात ती रंगाची. चकचकीत रंग मारतात आणि सहा महिन्यांनी खालून गंज फुगून वर येतो. म्हणून आधी गाडीच्या तळावरचं मॅटिंग उचल, पत्र्यावर बोटाने दाब, दारांखालचा भाग नीट बघ. मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ते ठणठणीत होईपर्यंत रुंद टायर आणि इंजिनाची ताकद वाढवणं विसर. जास्त वॅटचे दिवे लावायचे तर रिले (जास्त करंट स्वतःमधून नेणारा छोटा विजेचा स्विच) हवाच, नाहीतर जुनी वायरिंग तापते.

इंजिन बदलायचं मनात असेल तर आधी आरटीओत विचार. तो विषय नंतर.

आता ज्याकडे कोणी लक्ष देत नाही ते. गाडी नावावर करताना एजंटला आधार-पॅनच्या झेरॉक्स आपण डोळे झाकून देतो. अशाच कागदांवर दुसऱ्याच्या नावाने कर्ज आणि सिमकार्ड निघतात. माझ्या एका मित्राला न घेतलेल्या कर्जासाठी वसुलीचे फोन आले, फार मनस्ताप झाला त्याला.

- चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार दे.
- प्रत्येक प्रतीवर आडवं लिही: कशासाठी, कोणाला, तारीख.
- ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नकोस, एजंटलाही नाही.
- वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट (आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद) मोफत मिळतो, तो बघ.

पत्रा तपासलास की फोटो पाठव, गंज किती खोल आहे ते मिळून बघू.